प्रवाशांची नदी आणि रॉक्सीची नदी

मिसिसिपी नदीवर आठवडाभर मुक्कामाने फिरवणाऱ्या चाकांच्या आगबोटींची वर्णने अधूनमधून आमच्या वाचनात येतात. काही मराठीत असतात, अमेरिकेतल्या मुलांकडे वा आप्तांकडे जाऊन आलेल्यांनी लिहिलेली. बरीचशी इंग्रजीत, त्या त्या कंपनीच्या पुस्तिकांतली. दोहोंमध्ये एक वाक्य ठरलेले असते: ही मार्क ट्वेनची नदी आहे. बोटीच्या मागच्या अंगाला लाल रंगाचे भले मोठे चाक फिरते, वाफेवर वाजणारे कॅलिओपी नावाचे बाजे धक्का सोडताना सूर धरते आणि रात्री जेवणानंतर पांढरा कोट व पांढऱ्या मिशा लावलेला एक नट ट्वेन होऊन चुटके सांगतो. या साऱ्याला आमची फारशी हरकत नाही. आमची हरकत ‘ट्वेनची’ या षष्ठी विभक्तीला आहे.

आम्ही अशा बोटीवर पाऊल ठेवलेले नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिकिटांचे दर पाहता ते ठेवले जाण्याची शक्यताही दिसत नाही. तेव्हा ‘न चढता कसे बोलता’ असा प्रश्न येणारच. त्याला उत्तर असे की ही बोट स्वतःच एक वाचन आहे. एका लेखकाची काही पुस्तके कोणीतरी विशिष्ट रीतीने वाचली, त्यातले काही घेतले, बरेच टाकले आणि जे उरले ते लाकडात, लोखंडात व पितळेत उभे केले. वाचनाची परीक्षा करायला तिकीट लागत नाही, मूळ पुस्तक लागते. आणि हेच वाचन आपल्या वर्गांमध्ये, विनाचाकाचे आणि विनावाफेचे, वर्षानुवर्षे चालू आहे, म्हणून हा लेख.

प्रथम बोटींविषयी थोडे. या साऱ्या हौसेची कुलदेवता म्हणजे ‘डेल्टा क्वीन’. तिचे चित्र पाहिले की कोणालाही मिसिसिपी आठवते. प्रत्यक्षात ही बोट मिसिसिपीची नव्हेच. ती आणि तिची जुळी बहीण ‘डेल्टा किंग’ या दोघी कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीसाठी बांधल्या गेल्या आणि १९२७ पासून सॅन फ्रान्सिस्को ते सॅक्रामेंटो अशी रात्रीची फेरी करू लागल्या. संध्याकाळी चढायचे, सकाळी उतरून कामाला लागायचे. म्हणजे आपल्याकडे कोकणच्या बोटीने लोक जात, त्या जातीचा हा प्रवास होता. मोटारींनी आणि पुलांनी तो संपवला; १९४० मध्ये फेरी बंद झाली. युद्धात आरमाराने बोट वापरली आणि १९४६ मध्ये ती सिनसिनाटीच्या एका कुटुंबाच्या कंपनीने घेतली. मग पनामा कालव्यातून ओढून आणून, दुरुस्त करून, १९४८ पासून ओहायो आणि मिसिसिपीवर ती प्रवाशांना घेऊन फिरू लागली. गरज संपलेली वस्तू दुसऱ्या नदीवर जाऊन आठवण झाली. तिच्या मूळच्या नदीवर बहीण ‘डेल्टा किंग’ मात्र सॅक्रामेंटोच्या धक्क्याला बांधलेले हॉटेल होऊन राहिली.

पुढे १९६५ मध्ये ‘यार्मथ कॅसल’ या समुद्री जहाजाला आग लागून सुमारे नव्वद माणसे दगावली, आणि १९६६ मध्ये रात्रमुक्कामाच्या प्रवासी जहाजांसाठी आगीपासून संरक्षणाचे कडक नियम आले. ‘डेल्टा क्वीन’चा वरचा सारा इमला लाकडी. तिला अमेरिकेची काँग्रेस पुन्हा पुन्हा सवलत देत गेली. २००८ मध्ये ती संपली आणि बोट थांबली. काही वर्षे चॅटनूगाला हॉटेल म्हणून उभी होती. या बोटीविषयी आमच्या मनात ओलावा आहे, हे कबूल करतो. ती एकेकाळी खऱ्या कामाची होती. १९९५ ची ‘अमेरिकन क्वीन’ मात्र जन्मतःच आठवण म्हणून बांधली गेली. तिच्या वाफेच्या यंत्रावर फिरणारे चाक खरे होते, पण जोडीला आधुनिक डिझेलची साधनेही होती. तिची कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद पडली. त्याआधी २०२२ मध्ये वायकिंग या युरोपीय नदीप्रवासात मुरलेल्या कंपनीने मिसिसिपीवर जी बोट आणली, तिला चाकच नाही. त्या बोटीला निदान सोंग तरी नाही, असे म्हणावेसे वाटते.

चाकाचे एक कारण होते, हे येथे सांगितले पाहिजे. जुनी मिसिसिपी उथळ, वाळूच्या दांड्यांनी भरलेली आणि बुडालेल्या झाडांच्या खोडांनी रोखलेली होती. खोल बुडणारा पंखा तेथे निकामी झाला असता; वरवर पाणी कापणारे चाक चाले, आणि ते बोटीच्या मागे असले तर खोडांपासून बचावे. आज सरकारी अभियंते बांध, बंधारे आणि गाळउपसा करून किमान नऊ फुटांचा मार्ग राखतात. तेव्हा चाकाची गरज नदीला नाही. गरज आहे ती पाहणाऱ्याला.

आता पुस्तकाकडे वळू. सॅम्युएल क्लेमेन्स हा तरुण १८५७ मध्ये होरेस बिक्स्बी नावाच्या पायलटाकडे पाचशे डॉलरच्या कराराने शिकाऊ म्हणून राहिला. (पायलट म्हणजे नदी जाणणारा आणि बोटीचे चाक हाती धरणारा, कप्तान वेगळा.) १८५९ मध्ये त्याला परवाना मिळाला आणि १८६१ मध्ये यादवी युद्धाने नदीवरची वाहतूक थांबली. उणीपुरी चार वर्षे. त्या चार वर्षांतून त्याचे टोपणनावही आले: ‘मार्क ट्वेन’ म्हणजे ठाव घेणाऱ्या खलाशाची आरोळी, दोन वाव पाणी. बारा फूट. बोटीला धोका नाही. ‘आता सुरक्षित आहोत’ असे सांगणारे नाव घेतलेल्या लेखकाने पुढे जे लिहिले ते मात्र अजिबात सुरक्षित नव्हते.

‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ हे १८८३ चे पुस्तक. त्याचा पहिला भाग १८७५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त लेखमाला म्हणून आला होता, आणि या बोटींच्या पुस्तिका जे काही उचलतात ते प्रायः त्याच भागातले. त्यातही नवव्या प्रकरणातली ती प्रसिद्ध कल्पना तर सर्वांना ठाऊक असते: नदी म्हणजे पुस्तक. पण ही कल्पना अर्धी वाचण्याची खोड सार्वत्रिक आहे. ट्वेन तेथे दोन वाचक उभे करतो. प्रवाशाला पाण्यावर एक नाजूक वळी दिसते, मौजेची. पायलटाला त्याच जागी खाली दडलेला फुटका सांगाडा किंवा खडक दिसतो, बोटीचे पोट फाडणारा. प्रवासी त्या पुस्तकातली चित्रे पाहतो, पायलट मजकूर वाचतो. आणि मग ट्वेन कबूल करतो की मजकूर वाचता येऊ लागल्यावर चित्रे गेली. सूर्यास्ताची लाली आता उद्याच्या वाऱ्याची सूचना झाली. वाचता येणे म्हणजे काहीतरी गमावणे, हे या परिच्छेदाचे मर्म. नदीकाठचा सूर्यास्त दाखवून त्याखाली ट्वेनचे नाव छापणारी पुस्तिका, ट्वेनने ज्या वाचकाला अडाणी ठरवले नेमक्या त्याच वाचकाची जागा आठवड्याच्या बोलीने विकते.

पुस्तकाचा दुसरा भाग कोणी फारसा वाचत नाही. १८८२ मध्ये ट्वेन एकवीस वर्षांनी नदीवर परतला तेव्हाचा तो वृत्तांत. सेंट लुईसच्या धक्क्यावर जेथे मैलभर जाग्या बोटींची रांग असे तेथे त्याला अर्धा डझन पेंगणाऱ्या बोटी दिसल्या. यावरून तो गळा काढत बसेल असे वाटते. तो थोडा काढतोही. पण त्याचा खरा राग दुसरीकडे आहे. बॅटन रूजला पोचल्यावर त्याला तेथले राज्याचे सभागृह दिसते, बुरूज-कंगोऱ्यांचा खोटा मध्ययुगीन किल्ला. या लबाड वास्तूचे खापर तो सर वॉल्टर स्कॉटच्या माथी फोडतो. स्कॉटच्या सरदारी अद्भुतकथा वाचून दक्षिणेने स्वतःची एक खोटी प्रतिमा रंगवली, आणि यादवी युद्धाला बऱ्याच अंशी हा कादंबरीकारच जबाबदार आहे, इथवर तो पुढे एका प्रकरणात जातो. विधान अतिशयोक्त आहे यात शंका नाही. पण त्यातली वाङ्मयीन सूक्ष्मता पाहावी: साहित्याचे वाईट वाचन माणसे मारू शकते, असे ट्वेन म्हणतो आहे. सभागृहाला आग लागून गेली होती. तेव्हा उरलेले सुरुंगाने उडवून द्यायचे सोडून लोक त्याची डागडुजी करताहेत, हे त्याला सर्वांत करुण वाटते.

ती इमारत आज वस्तुसंग्रहालय आहे. मिसिसिपीच्या बोटी बॅटन रूजला थांबतात आणि प्रवासी ती हौसेने पाहून येतात. दुपारी स्कॉटचा किल्ला, रात्री मिशावाला ट्वेन. हा विनोद ट्वेनला सुचला नसता.

हकलबरी फिनमध्येही स्कॉट आहे, पण किती जणांच्या लक्षात राहतो? नदीत खडकावर आदळून मोडलेली एक आगबोट येते, तिच्यात चोर लपलेले असतात, आणि तिचे नाव ‘वॉल्टर स्कॉट’. ट्वेनने स्कॉटला बुडवले, तेही आगबोटीच्या रूपात. आज ट्वेनच्या नावाने जी बोट तरंगते आहे तिच्या कडेवर खरे तर तेच नाव रंगवायला हवे.

आगबोट ही ट्वेनच्या लेखी केवळ देखणी वस्तू कधीच नव्हती, याचे एक घरगुती कारणही होते. जून १८५८ मध्ये मेम्फिसच्या खालच्या अंगाला ‘पेनसिल्व्हेनिया’ या बोटीचे बॉयलर फुटले. तिच्यावर त्याचा धाकटा भाऊ हेन्री होता. ती नोकरी सॅम्युएलनेच लावून दिली होती. सॅम्युएल स्वतः पायलटाशी झालेल्या मारामारीमुळे त्या फेरीला बोटीवर नव्हता. हेन्री मेम्फिसला काही दिवसांनी गेला. एप्रिल १८६५ मध्ये तेथूनच थोड्या अंतरावर ‘सुल्ताना’ फुटली. तिची क्षमता ३७६ माणसांची होती आणि तिच्यावर दोन हजारांहून अधिक माणसे कोंबली होती, बहुतेक शत्रूच्या कैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. अकराशेहून अधिक मेले. बॉयलर फुटणे हा त्या काळी अपवाद नव्हता, धंद्याचाच भाग होता.

आणि म्हणूनच हकलबरी फिनमधली ती बत्तिसाव्या प्रकरणातली थाप इतकी सहज खपते. हक उशिरा का आला याचे कारण रचतो: बोटीच्या यंत्राचा काही भाग उडाला. बाई विचारते, कोणाला लागले का? हक सांगतो, नाही. एक गुलाम मेला. बाई म्हणते, नशीब, कारण कधीकधी माणसांनाही लागते. दोन ओळींचा संवाद. आगबोट, अपघात, माणूस कोण आणि कोण नाही, हे सगळे त्यात आहे, आणि बोलणारी बाई दुष्ट नाही, प्रेमळ आहे. आमच्या मते अमेरिकन गद्यातला हा सर्वांत भयंकर संवाद आहे. चाकाच्या बोटीवर तो नट हा उतारा म्हणत असेल का, हे आम्हांला ठाऊक नाही; म्हणत असल्यास आम्ही आमचे अर्धे म्हणणे मागे घेऊ.

येथवर आम्ही पर्यटकांना बोल लावला. आता घरच्यांकडे. हकलबरी फिन शिकवताना आपण काय करतो? लायोनेल ट्रिलिंगची १९४८ ची प्रस्तावना आणि एलियटची १९५० ची प्रस्तावना समोर ठेवतो. दोघेही नदीला देवतेच्या आसनावर बसवतात. एलियटचे समजू शकते. तो सेंट लुईसचा, त्याच्या बालपणात ती नदी होती. पण आपण तिसऱ्या पिढीतले विद्यार्थी तीच देवता वहीत उतरवून घेतो: नदी म्हणजे स्वातंत्र्य, काठ म्हणजे बंधन. ‘नदीचे प्रतीकात्मक महत्त्व विशद करा’ हा प्रश्न आम्हीही विद्यार्थिदशेत लिहिला आहे, चार पाने, आणि त्यावर बरे गुण मिळवले आहेत. त्या चार पानांत एकदाही हे आले नव्हते की नदी दक्षिणेकडे वाहते.

एवढी साधी भौगोलिक गोष्ट. जिमला मुक्त प्रदेशात जायचे आहे. त्यासाठी कैरो येथे ओहायो नदीत वळले पाहिजे. धुक्यात कैरो हुकते, आणि त्यानंतरचा प्रत्येक सुंदर दिवस, प्रत्येक चांदणी रात्र, तराफ्यावरचा प्रत्येक निवांत क्षण जिमला कापसाच्या आणि उसाच्या मळ्यांच्या अधिकाधिक जवळ नेतो. लिओ मार्क्सने १९५३ मध्येच ट्रिलिंग आणि एलियट या दोघांनाही हटकले होते. त्याचा मुख्य रोख कादंबरीच्या शेवटावर होता, पण तराफ्याला स्वतःची गती नाही, प्रवाह नेईल तिकडे जाणे त्याच्या नशिबी आहे, हेही त्याने दाखवले. त्याच टापूत एक आगबोट अंधारातून येऊन तो तराफा उभा चिरडते. गमतीची गोष्ट पाहा: कादंबरीत तराफा आणि आगबोट या परस्परांच्या वैरी आहेत, आणि पर्यटनाच्या पुस्तिकेत त्या एकाच पानावर गुण्यागोविंदाने नांदतात. पर्सिव्हल एव्हरेटच्या ‘जेम्स’ला २०२५ चे पुलित्झर मिळाले, तेव्हा जिमच्या डोळ्यांनी नदी पाहण्याची चर्चा सुरू झाली. पण ट्वेनने स्वतः ते एकदा केले होते, हे बहुधा कोणी सांगत नाही.

ते पुस्तक म्हणजे १८९४ चे ‘पुडनहेड विल्सन’. ट्वेनची ही कादंबरी विस्कळीत आहे, मध्येच लंगडते, जुळ्यांचे एक कथानक तिच्यातून काढले त्याचे व्रण दिसतात. तरीही आमच्या मते मिसिसिपीविषयीचे ट्वेनचे शेवटचे आणि सर्वांत खरे वाक्य येथे आहे. रॉक्सी ही गुलाम स्त्री, दिसायला गोरी. मालकाने एकदा चोरीच्या संशयावरून नोकरांना ‘नदीखाली’ विकण्याची धमकी दिली. ते ऐकून आपले तान्हे मूलही कधीतरी असेच विकले जाईल या धास्तीने तिने ते मालकाच्या मुलाशी बदलले. पुढे तिला मुक्ती मिळाली. मग तिने काय केले? आगबोटीवर केबिनी झाडण्या-पुसण्याची नोकरी केली, आठ वर्षे. साठवलेले चारशे डॉलर बँक बुडाली तिच्याबरोबर गेले. पुढे कर्जात बुडालेल्या मुलाला वाचवायला तिने स्वतःलाच पुन्हा विकायला काढले. अट एकच, नदीच्या वरच्या अंगाला कुठेतरी विकायचे. मुलाने पैसे जास्त मिळतात म्हणून खोट्या कागदावर तिला अर्कान्सासच्या कापूसवाल्याला विकले.

विकली गेलेली रॉक्सी रात्री आगबोटीवर आहे. बोट कुठे चालली आहे, हे तिला सांगितलेले नाही. ती दुःखात बुडून बसली आहे, पाण्याकडे तिचे लक्ष नाही. मग एका खोडाभोवती फुटणाऱ्या पाण्याचा आवाज जवळून येतो, ती मान वर करते, आणि आठ वर्षे बोटीवर काढलेल्या तिच्या सरावाच्या डोळ्यांना ते पाणी कोणत्या दिशेने फुटते आहे ते दिसते. क्षणभर ती थिजते. बोट प्रवाहाबरोबर चालली आहे. तिच्या मुलाने तिला नदीखाली विकले आहे.

वाचकांनी हे दृश्य आणि ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’चे नववे प्रकरण शेजारी ठेवून पाहावे. पाण्यावरची तशीच वळी, खाली तसाच धोका. प्रवाशाला ती शोभा, पायलटाला ती धोक्याची खूण, आणि रॉक्सीला तो तिच्या विक्रीचा कागद. एकोणीस वर्षांपूर्वी लेखमालेत दोनच वाचक असलेल्या त्या पाण्याला ट्वेनने तिसरा वाचक दिला. पहिल्या दोघांना बोटीच्या वरच्या मजल्यावर जागा होती. तिसरी खाली, मालाजवळ, दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली आहे. नदी म्हणजे पुस्तक हे रूपक ट्वेनने येथे पूर्ण केले आणि येथेच ते इतके जड झाले की पुन्हा कोणत्याही पुस्तिकेत छापता येणार नाही. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र रूपकाचा पहिला अर्धा भाग आहे, दुसरा नाही.

ही केवळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. विल्यम वेल्स ब्राउन हा गुलाम सेंट लुईसच्या आगबोटींवर वाढप्याचे काम करी. पुढे त्याला गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे भाड्याने दिले गेले. न्यू ऑर्लिन्सला पोचण्याआधी विक्रीच्या म्हाताऱ्या माणसांचे पांढरे केस उपटायचे, जास्त असतील तर काळ्या रंगाने रंगवायचे, हे त्याचे काम. १ जानेवारी १८३४ रोजी सिनसिनाटीला बोट लागली असता तो निसटला, आणि १८४७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. तिच्यात त्याने एक गोष्ट जवळजवळ जाता जाता सांगितली आहे: दक्षिणेकडे निघालेल्या बोटीवर साखळदंडातली माणसे असणे इतके नेहमीचे की पावलोपावली साखळ्या वाजत असूनही प्रवाशांचे लक्ष जात नसे. प्रवासी या शब्दावर आम्ही या लेखात जो भार टाकत आहोत तो आमचा नव्हे, ब्राउनचा आहे.

आता आक्षेप. पहिला, दीडशे वर्षांपूर्वीच्या पापांसाठी आजच्या निरुपद्रवी म्हाताऱ्या जोडप्यांना का छळता? त्यांना सूर्यास्त पाहू द्या. पाहू द्यावा, आमचे काही म्हणणे नाही. सूर्यास्त ट्वेनच्या नावे लावू नये, इतकेच. शिवाय दीडशे वर्षे हा आकडाही फसवा आहे. १९२७ च्या महापुरात ग्रीनव्हिल येथे हजारो कृष्णवर्णीय माणसे बांधावर अडकली होती. त्यांना सोडवायला आगबोटी आल्या. त्यांना जाऊ दिले तर मजूर परत येणार नाहीत या भीतीने मळेवाल्यांनी त्यांना बांधावरच ठेवले. गोऱ्यांना घेऊन बोटी गेल्या. ही घटना ‘डेल्टा क्वीन’ पहिल्यांदा पाण्यावर धावू लागली त्याच वर्षातली आहे.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. काठावरच्या सहलींमध्ये आता हा इतिहासही दाखवला जातो. लुइझियानात २०१४ मध्ये उघडलेले व्हिटनी मळ्याचे संग्रहालय गुलामांच्याच बाजूने उभे आहे, नॅचेझमधील गुलामबाजाराची जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग झाली आहे. हे खरे आहे आणि स्वागतार्ह आहे. परंतु पाहा, हा इतिहास नेहमी काठावर असतो, बसने जाऊन पाहण्याचा, आणि ऐच्छिक. बोटीवर परतल्यावर पुन्हा कॅलिओपी. जणू गुलामगिरी मळ्यात होती आणि बोट तिच्या बाजूने नुसती जात होती. बोट हे त्या बाजारातले वाहन होते, ब्राउनसाठी तर कामाची जागा होती. सॉलोमन नॉर्थअपला लुइझियानाच्या आत नेले तेही रेड नदीवरून, आगबोटीने. काठ आणि नदी यांची ही फारकत नेमकी आपल्या प्रश्नपत्रिकेतल्यासारखी आहे: काठ म्हणजे बंधन, नदी म्हणजे स्वातंत्र्य. म्हणून आम्ही म्हणतो की पर्यटनाची पुस्तिका आणि आमची ती चार पाने यांत फरक छपाईचा आहे.

तिसरा आक्षेप आपल्यातल्याच काहींचा असतो: हा अमेरिकनांचा घरगुती तंटा, मराठी अध्यापकाने त्यात का पडावे? यावर दोन तारखा पुरेत. १८७३ मध्ये, म्हणजे ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’च्या दहा वर्षे आधी, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सत्प्रवृत्त लोकांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या मुक्तीसाठी तो कित्ता गिरवावा अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली. मिसिसिपीच्या काठचा अर्थ पुण्यात वाचला गेला होता, आणि तो सूर्यास्ताचा नव्हता.

दुसरी तारीख जानेवारी १८९६. त्या महिन्यात ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत होता. हॉटेलात एक धिप्पाड जर्मन गृहस्थ खोली नीट लावून देत असता देशी नोकराच्या तोंडात मारतो. नोकर निमूटपणे मार खातो आणि पुन्हा कामाला लागतो. ‘फॉलोइंग द इक्वेटर’मध्ये ट्वेनने लिहिले आहे की ते पाहून तो क्षणात पन्नास वर्षे मागे, मिसुरीतल्या आपल्या गावी गेला. काय आठवले त्याला? चाके नव्हेत, धुराडी नव्हेत. आपले वडील घरच्या गुलाम पोराला कधीमधी मारत ते, आणि दहा वर्षांचा असताना पाहिलेला एक प्रसंग: क्षुल्लक चुकीसाठी एकाने लोखंडाच्या दगडाचा ढेकूळ फेकून गुलामाचा जीव घेतला, गावाला ते आवडले नाही, पण फारसे कोणी बोललेही नाही. पन्नास वर्षांनी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, मुंबईच्या एका हॉटेलच्या खोलीत ट्वेनची नदी त्याला भेटली ती अशी. मुंबईच्या वर्गात त्याच्यावर बोलताना आपण हे प्रकरण का वाचत नाही, याचे उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेले नाही. पाठ्यपुस्तकात नाही, हे उत्तर नव्हे.

‘पुडनहेड विल्सन’ सबंध लावणे अवघड आहे, हे आम्ही जाणतो. कादंबरी सदोष आहे, तास कमी आहेत, आणि रॉक्सीची बोली वर्गात वाचून दाखवताना शिक्षकाचीच जीभ अडखळते. तेव्हा आमची मागणी लहान आहे. येत्या सत्रात हकलबरी फिन सुरू करण्याआधी एका कागदाच्या एका बाजूला ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’च्या नवव्या प्रकरणातले ते दोन परिच्छेद आणि दुसऱ्या बाजूला रॉक्सीच्या रात्रीचा उतारा छापून विद्यार्थ्यांना द्यावा. लेखकाचे नाव, पुस्तकांची नावे काढून टाकावीत. प्रश्न एकच विचारावा: पाणी कोणत्या दिशेने वाहते आहे, हे कोणाला कळते आणि कशावरून? नदीच्या प्रतीकात्मक महत्त्वाची चार पाने त्यानंतर मागावीत.